गुन्ह्याच्या मासिकात आमचं गाव

माझ्या भावाची, संपतची पोरगी अक्षदा पुण्याला गुन्हेशास्त्र शिकती. हे गुन्हेशास्त्र म्हणजे काय, ते मला बी आधी ठाऊक नव्हतं. मी म्हणलं, चोऱ्या कशा करायच्या ते शिकवत्यात का काय? पोरगी हसून हसून लोळली. म्हणली, "आत्या, लोक गुन्हे का करतात, कुठं करतात, आणि मग समाज त्यांचं काय करतो, त्याचा अभ्यास असतो." म्हणलं, हात्तिच्या! हे तर आमी पारावर बसून रोज करतो.

पण तिचा अभ्यास त्याच्या बी पुढचा निघाला. दिल्लीहून गुन्हेशास्त्राचं एक इंग्रजी मासिक निघतं. मोठमोठे प्रोफेसर लोक त्यात लिवत्यात. अक्षीनं काय करावं? त्या मासिकाचे मागचे वीस वर्षांचे अंक काढले, आन कुणी कशावर लिवलंय ते निवडत बसली. टमाट्याचा माल निवडावा तसं, लाल हिकडं, कच्चा तिकडं. दिवाळीला घरी आली तर लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवीना. भाकरीचा एक घास खायची आन ओरडायची, "आत्या, ऐक ना! आधी सगळे तुरुंगावर लिहायचे. मग बायकांवरच्या अत्याचारांवर लिहायला लागले. आणि गेल्या पाच-सात वर्षांत बघशील तर सायबर, सायबर, नुसतं सायबर!"

"म्हणजे नारायणगावच्या मार्केटासारखंच की," मी म्हणलं. "एका साली टमाट्याला भाव घावला की पुढच्या साली जो तो टमाटंच लावतो."

"अगदी तस्संच! आणि पूर्वी एक माणूस एक लेख लिहायचा. आता एकेका लेखावर चार-चार, पाच-पाच नावं असतात."

"एका लेखाला पाच माणसं? आगं, कांदा भरायला आमी तिघीजणी पुरतो!"

ती हसली. मंग मी सहज विचारलं, "आन शेतातल्या चोरीवर किती लिवलंय?" तर तिनं ताट बाजूला सारलं. डोळे असे चमकाय लागले तिचे! म्हणली, "आत्या, तेच तर सापडलंय मला. एकसुद्धा लेख नाही. वीस वर्षांत एकसुद्धा नाही!"

माझं टाळकंच सरकलं. एक बी न्हाई? अहो, आमच्या कुकडीच्या काठाला अशी मोटर दाखवा जिची केबल कवा गेली न्हाई! लाईट येती रात्रीची, बिबट्याच्या भीतीनं कोणी नदीकडं फिरकत न्हाई, आन सकाळी जाऊन बघावं तर केबल कापून नेलेली. वरचं रबर जाळायचं, आतलं तांबं भंगारात द्यायचं, झालं काम. हिकडं नवी केबल येईस्तोवर उभं पीक वाळून जातं. त्यो काय गुन्हा न्हाई व्हय? का मोबाईलमधनं झाला तरच त्याला गुन्हा म्हणायचं?

"हेच मी लिहिलंय," अक्षी म्हणली. "ह्या मासिकानं काय काय छापलं आणि काय सोडलं. आणि त्याच मासिकाला पाठवलाय लेख."

म्हणजे बघा, त्यांच्याच घरात जाऊन त्यांचीच भांडी मोजली पोरीनं! मला तर कोण आनंद झाला. मी गल्लीत चार घरी सांगून आले. पण तिच्या जिवाला घोर व्हता. तिचे गाईडसर म्हणले व्हते, हा लेख घेतला तर शेतातल्या चोरीवर पीएचडी कर, न्हाई घेतला तर तो विषय सोड आन तू बी सायबर घे. अक्षीला सायबर नको व्हतं. तिला हिरीवरचं, बांधावरचं, आपलं लिवायचं व्हतं. सगळं त्या एका लेखावर येऊन ठेपलं व्हतं.

संक्रांत झाली आन संपतचा फोन आला. "बये, पोरगी पुण्याहून आलीय. रडती नुसती. ये लवकर."

गेले पळत. अक्षी ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेली. म्हणली, "आत्या, लेख तपासायला दोन परीक्षक असतात. एकाला लेख आवडला. दुसरा म्हणतो, आपल्या भागातल्या पोलिसांच्या नोंदीत अशी चोरी जवळजवळ नाहीच. जे घडतच नाही त्यावर लेख नसले, तर मासिकाचं काय चुकलं? घडतं म्हणत असाल तर पुरावा द्या."

"घडत न्हाई?" मी अशी ओरडले की गोठ्यातली म्हस उठून उभी राह्यली. "कोण हाय त्यो? नंबर दे त्याचा मला!"

"परीक्षक कोण ते आपल्याला कळत नाही, आत्या. तशी पद्धतच आहे."

"तोंड लपवून दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची, ही कसली पद्धत!"

आता तुमाला वाटंल, एवढ्या चोऱ्या व्हत्यात तर तुमी तक्रारी का देत न्हाई? सांगते. आमच्या गावात चोरी झाली की चांगदेवदादा देवळाच्या भोंग्यावरनं पुकारा करतो. चांगदेवदादा म्हणजे आमचा जुना सरपंच. म्हणतो, "ज्याच्या हातनं चूक झाली असंल त्यानं वस्तू पारावर आणून ठेवावी. कोणी बघणार न्हाई, कोणी विचारणार न्हाई." मंग सांच्याला सगळं गाव दारं लावून घरात बसतं. दुसऱ्या दिशी पारावर केबल असती आन तिच्यावर एक नारळ. ज्याची वस्तू गेली त्यानं तो नारळ फोडायचा आन गावाला वाटायचा. नारळ फुटला की विषय संपला. कोणी आणून ठेवली ते सगळ्यांना कळतं, गाव केवढं ते! पण नाव तोंडातनं काढायचं न्हाई, भांडणात बी न्हाई, दारू प्याल्यावर बी न्हाई. दर वेळी वस्तू माघारी येतीच असं न्हाई. कवा बाहेरचा चोर असतो, कवा तांबं विकून झालेलं असतं. पण पोलिसात कोणी जात न्हाई. अक्षी बी तसलं खोबरं खाऊनच मोठी झाली, पण त्याच्यावर काय लिवावं असं तिला कवा वाटलं न्हाई.

तर अक्षी दुसऱ्या दिशी मंचरला गेली, तिथल्या कॉलेजातल्या एका मॅडमना विचारायला, की आता काय करू. हिकडं माझ्या डोक्यात किडा वळवळाय लागला. नोंद पाहिजे ना? मंग करू की नोंद! चोऱ्या तर खऱ्याच हायत, आमाला काय खोटं सांगायचंय? मी तशीच उठले आन चांगदेवदादाकडं गेले. दादा म्हणला, "बयाबाई, काय डोकं हाय तुपलं!" आन लागलीच भोंगा लावला. "ज्याची ज्याची कवा केबल, मोटर, स्टार्टर गेला असंल त्यानं पाराजवळ यावं! आपल्या अक्षदाच्या अभ्यासाला पोलिसातली नोंद पाहिजे! गोकुळची पिकअप फुकट हाय!"

काय सांगू तुमाला, लग्नाच्या वऱ्हाडासारखं गाव लोटलं. बाया हातातली कामं टाकून आल्या. महंमद हनीफचं मोटर रिवायंडिंगचं दुकान हाय, त्यानं शटर ओढून घेतलं. म्हणला, "सगळ्यांच्या मोटरी माझ्या हातनं गेल्यात. मी साक्षीदार म्हणून येतो." गोकुळ तर टायरवर पाय देऊन एकेका म्हातारीला वर चढवत व्हता, "चला, चला, अक्षाताईसाठी चला!" पोरगं लई उमद्या मनाचं. त्याला लवकरच शाळेच्या गाडीवर ड्रायव्हरचं काम लागायचं व्हतं. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा यायचा राह्यला व्हता. त्या कामाच्या जिवावर बायकोला माहेराहून आणणार व्हता, बाळंत झालेली व्हती ती.

पोलीस स्टेशनात आरतीमॅडम म्हणून फौजदार व्हत्या, तरण्याताठ्या. एवढी माणसं बघून उठूनच उभ्या राह्यल्या. "काय मोर्चा आहे का?"

"मोर्चा न्हाई मॅडम," चांगदेवदादा म्हणला, "तक्रारी द्यायच्यात. चोरीच्या."

"कधी झाली चोरी?"

"आमच्या बयाबाईची झाली चार-पाच सालांमागं. हनीफभाईची त्याच्या आधी. ह्या मावशीची तर आठवत बी न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "मग आत्ता का आलात?"

"दिल्लीला पाहिजे," मी म्हणलं.

मॅडमना काय उमगलं देव जाणे, पण बाई भली. मला म्हणल्या, बसा, तुमचं आधी घेते. कुठली जमीन, कुठली मोटर, किती केबल, मी धडाधडा सांगत सुटले. मागनं सगळे माना डोलवत्यात, "बराबर, बराबर" म्हणत्यात. मला तर वाटलं, आता दिल्लीवाल्याची जिरलीच!

मंग मॅडमनी विचारलं, "संशय कुणावर?"

झालं. आत्ता घडीभरापूर्वी पिकअपमधी गाणी म्हणत आलेली माणसं, कोणी छताकडं बघतंय, कोणी चपलेकडं. हनीफभाई खिशातनं रुमाल काढून तोंड पुसाय लागला. मला माहीत व्हतं की! माझ्या पाठीमागं उभ्या असलेल्या दर माणसाला माहीत व्हतं.

"कुणावरच नाही?" मॅडम म्हणल्या. "एवढ्या चोऱ्या झाल्या आणि कुणावर संशयसुद्धा नाही? अशा तक्रारीतून काय निघणार?"

तेवढ्यात दाराशी उभा असलेला गोकुळ म्होरं आला. बोटाला गाडीची किल्ली गरगर फिरत व्हती त्याच्या. म्हणला, "मॅडम, नाव असलं तर नोंद पक्की हुईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे दिल्लीवाल्याला मानावीच लागंल ना? अक्षाताईचा लेख घ्यावाच लागंल ना?"

मी त्याला डोळ्यानं दटावलं. "गोकुळ, गाडी बघ जा," मी म्हणलं.

"मंग लिवा की मॅडम," गोकुळ म्हणला. हसत व्हता येडं! "बयाआत्याची केबल मीच..."

"गप ए!" मी खुर्चीतनं अशी उठले की खुर्ची मागं पडली. "मॅडम, ह्याला ताप हाय, काय बी बरळतोय!"

"ल्हानपणी डोक्यावर पडलाय त्यो," चांगदेवदादा म्हणला.

हनीफभाई तर छातीवर हात ठेवून म्हणला, "मॅडम, बयाबाईची केबल मी माझ्या हातानं जोडलीय. ती कुठंच गेलेली न्हाई, जागच्या जागी हाय."

सगळे एकदम बोलाय लागले. ज्या बाया चोरी सांगायला आल्या व्हत्या त्याच म्हणाय लागल्या, आमच्या गावात कसली चोरी, आमच्याकडं तर दाराला कडी बी लावत न्हाईत! गोकुळ आपला मधीच, "आत्या, आगं बोलू दे की मला!" दोघींनी त्याला दंडाला धरून मागं ओढला.

"शांत बसा सगळे!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. मंग माझ्याकडं बघून हळू म्हणल्या, "बयाबाई, हे एकदा लिहून घेतलं की मला मागं फिरता येणार नाही. नीट सांगा. तुमची केबल चोरीला गेली होती का नव्हती?"

आन तवाच दारात अक्षी. कोणीतरी गावच्या ग्रुपवर आमचा फोटो टाकला व्हता, त्यो बघून पोरगी मंचरहून जी निघाली ती धापा टाकत तिथं. केस सुटलेले, ओढणीला घाम पुसती. माझ्याकडं बघत उभी राह्यली.

मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, एक "व्हय" म्हणलं की नोंद झाली. ल्हानपणापासनं माझ्या मांडीवर वाढलेली पोरगी, तिचा जीव ज्याच्यात अडकलाय ते तिला मिळतंय, माझ्या एका शब्दावर. मंग गोकुळकडं बघितलं. किल्ली अजून हातात व्हती त्याच्या.

"न्हाई," मी म्हणलं. "माझी केबल कवाच चोरीला गेली न्हाई."

"मग इथं कशाला आलात?"

"असंच. तुमाला बघायला. नवीन मॅडम आल्यात म्हणले."

मॅडमनी हसू दाबलं. मंग म्हणल्या, "गोकुळ, तुझाच पडताळणीचा कागद आलाय ना माझ्याकडं?"

"व्हय मॅडम."

"घरी जा. ताप असेल तर गोळी घे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि बयाबाई, पुढच्या वेळी काही गेलं तर त्याच दिवशी या. दिल्लीसाठी नको, स्वतःसाठी या."

बाहेर आले आन माझे डोळे भरले. "अक्षे, तुपली नोंद मीच घालवली गं. मला न्हाई जमलं."

"आत्या, अगं, ती नोंद मला वापरताच आली नसती!" अक्षीनं मला गच्च धरलं. "माझ्यासाठी तुम्ही तक्रारी दिल्या म्हणजे पुरावा मीच तयार केल्यासारखं. म्हणून तर तो फोटो बघून मी तशीच पळत आले." आन मंग ती हसाय लागली, रडत रडतच. "पण आत्ता आत काय झालं ते कळलं का तुम्हाला? त्या मासिकातले बहुतेक लेख पोलिसांच्या आकड्यांवरून लिहिलेले असतात. जिथं नोंद, तिथं अभ्यास. तो परीक्षक म्हणतो, नोंद नाही म्हणजे गुन्हा नाही. आणि इथं नोंद का नाही, ते मी आत्ता डोळ्यांनी बघितलं! तुम्ही सगळे तक्रार द्यायला आलात, आणि नाव यायच्या आधी तक्रारच गिळून टाकलीत! तो पारावरचा नारळ, आत्या! मी इतकी वर्षं खोबरं खात बसले आणि माझ्या लक्षात आलं नाही!"

तिथंच पायरीवर उभं राहून तिनं सगळ्यांना विचारलं, हे लिहू का? कुणाचंही नाव येणार नाही, तुमची परवानगी असली तरच. चांगदेवदादानं गोकुळकडं बघितलं, हनीफभाईनं बघितलं. गोकुळ म्हणला, "लिव की ताई, बिनधास लिव!" मंग मी म्हणलं, लिव.

पुढं काय झालं विचारता? अक्षीनं ते सगळं लेखात घालून परत दिल्लीला धाडलं. चैतात आमी कांदा काढत व्हतो. बांधावरनं अक्षी फोन उंच धरून पळत येती, एक चप्पल वाफ्यात राह्यलेली, "आत्या, घेतला! घेतला लेख! तोच परीक्षक म्हणतोय, हे आधी का नाही सांगितलं!" मी हातातली पात टाकून तिला उचललीच. कंबर धरली ती चार दिवस तशीच. संपत एवढा गरीब स्वभावाचा, त्यो बी शेतात नाचला. गाईडसर म्हणले, आता शेतातल्या चोरीवरच पीएचडी. सायबर गेलं उडत!

चांगदेवदादानं लागलीच फ्लेक्सची ऑर्डर दिली. अक्षीचा फोटो, खाली केवढ्या मोठ्या अक्षरात, "दिल्लीच्या मासिकात आपले गाव." मी माहेरच्या, सासरच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. आन का न्हाई सांगायचं? आमच्या गावाला कवा कोणी विचारलं न्हाई. ओझरला गणपतीला हजारो लोक येत्यात, आमच्या फाट्यावरनं गाड्या धुरळा उडवत जात्यात, कोणी पाटीकडं बघत न्हाई. आता नाव छापून येणार व्हतं.

मासिकवाल्यांनी बी तेच विचारलं व्हतं. गावाचं नाव, तालुका दिला तर लेख अजून भक्कम हुईल. अक्षी पारावर येऊन म्हणली, "नसलं दिलं तरी छापणार आहेत. हे गावानं ठरवायचं. पण नाव आलं की कुणीही इथं येऊन विचारू शकेल, तो पोलीस स्टेशनातला मुलगा कोण."

"येऊ दे की!" चांगदेवदादा म्हणला. "आमी सांगणारच न्हाई! नाव पाहिजेच!" सगळे म्हणले, पाहिजेच! गोकुळ तर टाळ्या पिटत व्हता. शाळा सुटली व्हती, त्याची गाडी पाराशेजारी उभी, आत पोरं खिडकीतनं माना काढून वराडत्यात, "गोकुळकाका, चला ना!"

मी त्या पोरांकडं बघितलं आन मंग गोकुळकडं. सगळ्यात जास्त हौस मलाच व्हती हो. सगळ्यात जास्त फोन मीच केले व्हते.

"नाव टाकायचं न्हाई," मी म्हणलं.

"बयाबाई, येड लागलं का? फ्लेक्स छापून झालाय!"

"दादा, एकदा पोलिसापुढं आपण सगळे खोटं बोललो. आता दिल्लीपुढं खरं बोलून त्याचं वाटोळं करायचं का? ती पोरं बघा गाडीतली. उद्या एखाद्या आईनं कुठंतरी वाचलं तर पोराला बसवंल का त्याच्या गाडीत?"

गोकुळच्या टाळ्या थांबल्या. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, तसा त्यो वळला आन गाडीत जाऊन बसला, उगंच हॉर्न वाजवला. चांगदेवदादानं फ्लेक्सवाल्याला फोन लावला आन म्हणला, दुसरा छाप, खालची ओळ नको, नुसतं पोरीचं अभिनंदन ठेव.

अंक आला. अक्षीनं मला दाखवला, लेखावर एकटीचं नाव, पाच जण न्हाईत! आत गावाच्या जागी एवढंच लिवलंय, पुणे जिल्ह्यातलं एक गाव. मी त्याच्यावरनं हात फिरवला आन पोट भरून रडले, आनंदानं बी आन दुसऱ्या कशानं बी.

आता तुमी विचाराल, बयाबाई, गाव कोणतं? विचारा. सांगत न्हाई. आन गोकुळ, गोकुळ करत शोधायला आलात, तर त्या नावाचा माणूस आमच्या गावात न्हाई.